कचरापेटीतला शेवटचा अंक

आंबागडच्या मंगरूबाबू बोरकरांचा आयुष्यात कोणावर पुरता विश्वास बसला असेल, तर तो आपल्या लोखंडी पेटीच्या कुलपावर. तोही झोपण्याआधी ते ओढून पाहिल्यानंतरच. पेटीची किल्ली कमरेच्या करदोड्याला असायची आणि आंघोळीच्या वेळी दोरा ओला होतो म्हणून ती तेवढ्यापुरती दातात धरली जायची. बायको मंगलाबाई म्हणायची की या माणसाची सावली संध्याकाळी लांब झाली तरी हा तिला विचारेल, कुठं चालली होतीस.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. नोकरीनं त्याला तसं केलं होतं. मॅंगनीजच्या खाणीत ते हजेरीबाबू होते. धानाची रोवणी लागली की निम्मे मजूर बांधीत, भाताच्या खाचरात, चिखल तुडवत असायचे आणि खाणीत त्यांची हजेरी चुलतभाऊ, साळे, नाहीतर शेजारी लावून जायचे. नाव पुकारलं की कोणीतरी ‘हाव जी’ म्हणायचंच. अशी उभी हयात काढल्यावर समोरचा माणूस तोच आहे की दुसरा कोणी, हे मंगरूबाबू घरातल्यांच्या बाबतीतही एकदा तपासून घेत.

पण हजेरी हा त्यांचा पोटाचा धंदा. जिवाचा धंदा नाटक. दिवाळी सरली की या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक नसेल तर पाहुणे पुढच्या वर्षी येत नाहीत. आंबागडच्या मंडळाला नाटक लिहून द्यायचे ते मंगरूबाबू. खून, ताटातूट, कोर्ट, एखादं विनोदी पात्र, आणि शेवटी मांडवाखालचे सगळे लोक डोळे पुसतील असा अंक. शेवटच्या अंकात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता, असं ते स्वतः म्हणत आणि दुसरेही नाकारत नसत.

एका वर्षी त्यांनी असा शेवट लिहिला होता की मेला म्हणून ज्याला सगळे रडले तो गावचा पाटील आपल्याच तेरवीच्या पंगतीत येऊन बसतो आणि म्हणतो, मलेही वाढा. काय शेवट होता! पण आंबागडच्या आधी दुसऱ्या एका गावच्या मंडईच्या नाटकात एक पाटील त्याच पंगतीत, त्याच पाटावर येऊन बसला. कोणत्या नटानं दारूच्या घोटावर तो अंक सांगून टाकला, हे कधी कळलं नाही. आंबागडला खेळ झाला तेव्हा पाटील विंगेतून बाहेर यायच्या आधीच पुढच्या रांगेतली पोरं ओरडली, ‘आता येते पाहा बुढा!’ आणि अख्खा मांडव हसला. जिथं रडायचं तिथं लोक हसले. मंगरूबाबूंना ते हसू पुढं कितीतरी वर्षं ऐकू येत होतं.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्यानंतर मंगरूबाबूंनी नियमच केला. नटांना फक्त आपापली नक्कल मिळायची, म्हणजे ज्याचे त्याचे संवाद तेवढे. अख्खं नाटक कोणाच्या हाती नाही. आणि शेवटचा अंक तर मंडईच्या दिवशी सकाळी, अंगणात सगळ्यांना एकत्र बसवून. दुपारभर पाठ करायचं आणि उभं राहायचं. नट कुरकुर करत, बाहेरून येणाऱ्या नट्या तर शिव्याच घालत, पण आंबागडचा शेवट पुन्हा कधी फुटला नाही.

खाणीच्या ऑफिसानं जुने कॉम्प्युटर काढून टाकले तेव्हा त्यातला एक मंगरूबाबूंनी घरी आणला. मुलगा सुगत तेव्हा शिकत होता, त्यानं बापाला मराठी टाइप करायला शिकवलं. मग प्रश्न आला, शेवटचा अंक ठेवायचा कुठं. पासवर्ड सुगतनं सुचवला, पण जो पासवर्ड लावून देतो त्याला तो माहीत असतोच की! मंगरूबाबूंनी खूप विचार करून जागा शोधली. ते अंक लिहीत, त्याला ‘विजेचं बिल’ असं नाव देत आणि फाइल कचरापेटीत टाकून देत. स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या त्या डब्यात. चोर कपाट फोडेल, गादी उसवेल, पण उकिरड्यात हात कोण घालतो? घरात त्यांनी सांगून ठेवलं होतं की त्या डब्यावर बोट ठेवलं की मशीन जळते. मंगलाबाई तर फडक्यानं स्क्रीन पुसतानाही तो कोपरा सोडून पुसायची.

दरवर्षी मंडईच्या सकाळी अंक कचऱ्यातून बाहेर निघायचा, छापला जायचा, आणि कोणाला काही कळायचं नाही. अशी चांगली चाललेली व्यवस्था कॉम्प्युटरच्या म्हातारपणानं बिघडवली. मशीन सुरू होताना कण्हायला लागलं. कधी निळा पडदा, कधी नुसताच अंधार. त्या साली नाटक होतं ‘कुलूप नसलेलं घर’. थोरला भाऊ बहिणीवर चोरीचा आळ घेतो, तिला घराबाहेर काढतो, आणि शेवटच्या अंकात खरं कळतं. मंगरूबाबूंच्या मते हा त्यांचा आजवरचा सगळ्यात भारी शेवट होता, आणि तो नेहमीसारखा त्या मरायला टेकलेल्या मशीनच्या कचऱ्यात पडला होता.

सुगत आता नागपूरच्या बाजूला कारखान्यात होता. त्यानं एक वापरलेला लॅपटॉप पाठवून दिला आणि फोनवर सांगितलं की यात विंडोज नाही, लिनक्स आहे. हे कोणत्या कंपनीचं, असं मंगरूबाबूंनी विचारलं. कोणत्याच नाही, जगभरच्या लोकांनी मिळून केलं आहे आणि फुकट आहे, असं उत्तर आलं. मंगरूबाबूंच्या मनात तिथंच पाल चुकचुकली. जगभरच्या लोकांना दुसरी कामं नाहीत का? फुकट देणारा आपलं काय घेऊन जातो, हे हजेरीबाबूला कोणी शिकवायची गरज नव्हती.

आणि त्याहून अवघड गोष्ट पुढं होती. जुन्या मशीनमधलं सामान नव्यात हलवायचं कोणी? घरात ते येत होतं एकटीला, सून दीपमालाला. ती तुमसरला कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायची. पोरगी हुशार, कमी बोलणारी, कामाला वाघ. पण ती होती शहापूरची, आणि तिचा सख्खा भाऊ भोजराज शहापुरात नाटकमंडळ चालवायचा. लग्न जुळवताना मंगरूबाबूंनी कुंडली मागितली नाही, त्यांच्या घरात ती रीतही नव्हती. पण मुलीचा भाऊ नाटकं करतो हे कळल्यावर मात्र त्यांनी आठवडाभर होकार अडवून धरला होता. लग्न होऊन बरीच वर्षं झाली तरी दीपमालाच्या हाती त्यांच्या नाटकाचा एक कागद कधी पडला नव्हता. ती मंडईला बायकांच्या बाजूला बसून, गावासारखीच, शेवट पाहायची. लिहिताना ती चहा घेऊन आली की मंगरूबाबू स्क्रीनपुढं टॉवेल धरत.

एका रविवारी दुपारी काम सुरू झालं. मंगरूबाबू खुर्ची ओढून सुनेच्या खांद्यामागं बसले, न्हाव्याच्या दुकानात दुसऱ्याची हजामत पाहावी तसे. तिनं जुनं मशीन उघडून त्यातली डिस्क काढली आणि क्लासमधून आणलेल्या वायरनं ती लॅपटॉपला जोडली. पहिल्या तीन फाइली उघडल्या तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिवडा. मंगरूबाबू उभेच राहिले. बघता बघता तीन नाटकं बाटवली हिनं! दीपमालानं शांतपणे सांगितलं की जुना टाइप, म्हणजे अक्षरांचा फॉन्ट, लॅपटॉपमध्ये नाही, तो आणावा लागेल. तिनं जुन्या डिस्कमधूनच तो टाइप शोधून टाकला आणि चिवड्याची पुन्हा मराठी झाली. मंगरूबाबू बसले, पण खुर्ची आणखी जवळ घेऊन बसले.

मग ती वेळ आली. जुन्या मशीनमध्ये कोपऱ्यात गुपचूप बसणारी कचरापेटी या लॅपटॉपवर बाकीच्या फोल्डरांच्या रांगेत, साध्या फोल्डरसारखी उघडी दिसत होती. लिनक्सला विंडोजचे आडपडदे कळत नव्हते. दीपमालानं तिच्यावर बाण नेला आणि मागं वळून विचारलं, ‘मामाजी, हे कचऱ्यातलं लागते का तुमाले?’

मंगरूबाबू पेचात पडले. हो म्हणावं तर ती विचारणार, कचऱ्यात काय ठेवलं? आणि मग वर्षानुवर्षं जपलेली जागा शहापूरच्या पोरीला कळणार. ते म्हणाले, ‘कचऱ्याले का पूजा लागते? राहू दे तिथंच.’ मनात त्यांनी हिशेब केला की डिस्क परत मशीनमध्ये बसेल, ही उद्या क्लासला जाईल, मग आपण आरामात काढून घेऊ.

डिस्क परत बसली, पण मशीन काही परत उठलं नाही. बटण दाबलं की नुसता पंखा फिरायचा. दीपमाला म्हणाली की मशीन गेलं, डिस्क चांगली आहे. मंगरूबाबूंनी डिस्क मागून घेतली, फडक्यात गुंडाळली आणि लोखंडी पेटीत ठेवून कुलूप लावलं. तिथं ती अगदी सुरक्षित होती. उघडता मात्र कोणालाच येत नव्हती, आणि ती जोडायची वायर सुनेच्या क्लासमध्ये होती.

आता एकच आशा उरली. जगभरच्या लोकांनी बनवलेल्या या मशीनलाही कचरापेटी होतीच. सून घरात नाही असं पाहून त्यांनी ती उघडली. रिकामी. मंगरूबाबूंच्या समजुतीनं कचरापेटी इकडची तिकडं आली असणार, आणि आली असून रिकामी असेल तर कोणीतरी ती उपसली आहे. त्यांनी ‘विजेचं बिल’ नावानं अख्खा लॅपटॉप शोधला. खरी वीजबिलं सापडली, अंक सापडला नाही. तरीही ते रोज उठून त्या रिकाम्या पेटीत डोकावत राहिले, वाळलेल्या विहिरीत माणूस डोकावतो तसे.

संशयाला एकदा जागा मिळाली की तो पाय पसरतो. दीपमाला फोनवर भावाशी बोलताना हसली, तर काहून हसली? परवा ती शहापूरला जाऊन आली, पिशवी जाताना भरलेली होती, येताना रिकामी. मंगलाबाईनं सांगितलं की त्यात भाचीसाठी स्वेटर होता. मंगरूबाबू म्हणाले, स्वेटरखाली काय होतं ते तू पाहिलं का? त्यावर मंगलाबाईनं जे उत्तर दिलं ते लिहिण्यासारखं नाही.

एकदा ते डिस्क कमरेला बांधून तुमसरला एका दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला की ठेवून जा, उद्या या. ठेवून कशी जाणार? मंगरूबाबूंनी अट घातली की डिस्क आत्ता, त्यांच्यासमोर उघडायची आणि उघडल्यावर दुकानदारानं स्क्रीनकडं पाठ करायची. दुकानदारानं डिस्क त्यांच्या हातात परत दिली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

अंक पुन्हा लिहून पाहिला, पण जमेना. पहिल्यांदा सहज आलेली बहीण आता दारातून आतच येत नव्हती. इकडं मंडई तोंडावर आलेली. मंडळाची पोरं अंगणात येऊन विचारू लागली की या वर्षी तरी शेवट एक दिवस आधी द्या. मंगरूबाबू नेहमीच्या ऐटीत म्हणत, वेळेवर भेटन. आणि आत जाऊन पेटीवर बसून राहत. त्यांना खरंच भीती वाटत होती. भरलेला मांडव, उघडा पडदा, आणि शेवट नाही. किंवा त्याहून वाईट, तोच शेवट आधी शहापूरला झालेला.

शेवटी त्यांना राहवेना. खाणीतल्या जुन्या साथीदाराला भेटायला जातो असं सांगून ते निघाले. तुमसरहून भंडारा, भंडाऱ्याहून शहापूर. भोजराजच्या मंडळाची तालीम एका घराच्या मोठ्या अंगणात चालू होती. मंगरूबाबू तोंडाला दुपट्टा गुंडाळून एका ट्रॅक्टरच्या आडोशाला उभे राहिले. पण भोजराजनं त्यांना चपलांवरून ओळखलं. बहिणीचे सासरे आले म्हणताच तालीम थांबली, खुर्ची आली, चहा आला, पायाशी वाकणं झालं. भोजराज म्हणाला, बरं झालं आले जी, आमचा शेवट पाहून सांगा, तुमच्यासारखा जाणता माणूस कुठं भेटते. आणि त्यानं लपवाछपवी न करता अख्खा शेवटचा अंक त्यांच्यापुढं करून दाखवला. त्यात एक इन्स्पेक्टर येतो, गोळी सुटते, खलनायक आंब्याच्या झाडावरून खाली पडतो. मंगरूबाबूंच्या शेवटाचा त्यात वासही नव्हता.

निरोप देताना भोजराज हसत म्हणाला, ‘दीपाले मी दोनदा इचारलं होतं, मामाजीचं नवीन नाटक कसं आहे म्हणून. म्हणे, मले माहीत नाही दादा, अन् माहीत असतं तरी तुले सांगितलं नसतं.’

परतीच्या बसमध्ये मंगरूबाबूंनी खिडकीतून बाहेर पाहिलं, पण तुमसर कधी आलं ते त्यांना कळलं नाही. लाज वाटत होती. आणि लाजेच्या खाली, खरं सांगायचं तर, अजून थोडा संशय होताच. मग अंक गेला कुठं?

दुसऱ्या दिवशी सुटी होती. दीपमाला स्वयंपाकघरात जवसाच्या चटणीची तयारी करत होती. मंगरूबाबू दारात आले, गेले, पुन्हा आले. मग खाली पाहत म्हणाले की त्या जुन्या मशीनमधलं त्यांचं काहीतरी राहून गेलं असावं. तिनं हात पुसले, लॅपटॉप आणला आणि ‘जुनं सगळं’ नावाचा एक फोल्डर उघडला. त्यात ती जुनी कचरापेटी जशीच्या तशी होती. कचऱ्यात टाकलेल्या फाइलचं नाव जुनं विंडोज आत बदलून ठेवत होतं, त्यामुळं ‘विजेचं बिल’ शोधून मिळणारच नव्हतं. आणि लॅपटॉपची कचरापेटी त्याची स्वतःची होती, तिच्यात कोणी काही टाकलंच नव्हतं. राहू दे म्हटलं तरी तिनं सगळं उचलून आणलं होतं. काय लागेल अन् काय नाही, माणसाले आधी कुठं समजते, असं ती म्हणाली.

तिनं तारीख पाहून सगळ्यात अलीकडच्या, अनोळखी नावाच्या एका फाइलवर बाण ठेवला आणि मागं सरकली. ‘हेच शोधून रायले ना तुमी रोज त्या रिकाम्या पेटीत?’

‘तुले दिसत होतं?’

‘हो जी.’

‘मंग सांगितलं काहून नाही?’

दीपमालानं लॅपटॉप त्यांच्याकडं सरकवला. मग म्हणाली, ‘सांगितलं असतं तं तुमी म्हणले असते, इनं उघडून पाहिलं. तुमी इचारसाल तवाच सांगू म्हणलं.’

मंगरूबाबूंनी फाइल उघडली. होता. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत होता. त्यांना इतकं हायसं वाटलं की ते तिथंच पाटावर बसले. मग आयुष्यात जे कोणाला म्हटलं नव्हतं ते सुनेला म्हणाले, ‘घे, तू वाच.’

‘नाही जी,’ ती म्हणाली. ‘उद्या कुठं फुटलं तं नाव माझंच निघन.’

आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. ती पुन्हा ओट्याकडं वळली. मंगरूबाबू हट्टानं अंक मोठ्यानं वाचू लागले. दीपमालानं मिक्सर सुरू केला. ते थांबले. मिक्सर थांबला तसे पुन्हा वाचू लागले. मिक्सर पुन्हा सुरू झाला. जवस कधीचे बारीक झाले होते, पीठ व्हायची वेळ आली. ओसरीतून मंगलाबाई ओरडली की चटणी करून रायली का काजळ? तेवढ्यात लाइट गेली. मिक्सर बंद पडला, आणि लॅपटॉप मात्र बॅटरीवर चालूच राहिला.

मग तिला ऐकावं लागलं. मंगरूबाबूंनी सगळं वाचलं. भाऊ बहिणीच्या दारात जातो, म्हणतो चुकलो, आणि बहीण धावत येऊन त्याच्या गळ्यात पडते, दादा म्हणून हंबरडा फोडते. पडदा. वाचता वाचता त्यांचे स्वतःचेच डोळे भरून आले. त्यांनी वर पाहिलं. दीपमाला भांड्याचं झाकण हातात धरून उभी होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

‘तिनं इतक्या लवकर माफ काहून केलं?’ तिनं विचारलं.

‘नाटक हाय बेटा. लोकायले घरी जायचं असते.’

‘मंग लोकायले जाऊ द्या,’ दीपमाला म्हणाली. ‘तिले काय घाई हाय? इतके दिवस चोर म्हणून काढले तिनं.’

 गावच्या मांडवाला वर्षानुवर्षं रडवणाऱ्या माणसाला पहिल्यांदा कळलं की शेवट चोरण्यासारखा नव्हताच. तो खोटा होता.

दुपारी ते अंगणात बाजेवर लॅपटॉप घेऊन बसले आणि त्यांनी शेवटचा अंक पुन्हा लिहायला घेतला. आता भाऊ दारात येतो, चुकलो म्हणतो. बहीण आत जाते, पाण्याचा तांब्या आणते, त्याच्यापुढं ठेवते. बोलत नाही. तो वाट पाहतो. ती बोलत नाही. लोकांना आवडेल की नाही कोण जाणे, पण बोटं थांबत नव्हती.

तेवढ्यात दीपमाला चहा घेऊन आली. मंगरूबाबूंचा हात सवयीनं टॉवेलकडं गेला आणि अर्ध्यातून परत आला. त्यांनी लॅपटॉप उलट तिच्याकडं थोडा वळवून धरला. दीपमालानं बाजेच्या कडेला कप ठेवला आणि स्क्रीनकडं न पाहता आत निघून गेली.